पांढऱ्यावर तांबडं

१

"बाई, पहिल्या नंबरच्या चित्राला कुणीतरी तांबडं फासलंय. लवकर या!"

निमगावच्या आदेशचा फोन आला तेव्हा मी जुन्नरला घरी चहात बिस्कीट बुडवत होते. ते बिस्कीट बुडालं ते बुडालंच. निमगाव साव्याला पोहोचेपर्यंत माझं डोकं असं तापलं होतं की रिक्षावाल्यानं उरलेले सुट्टे न मागता परत केले.

मी उज्ज्वलाबाई. चित्रकलेची शिक्षिका, आता निवृत्त. निवृत्त झाले नोकरीतून, रागातून नव्हे. जुन्नर आणि आंबेगाव अशा दोन तालुक्यांची स्थिरचित्र स्पर्धा यंदा निमगावच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये भरली होती. टेबलावर चार वस्तू मांडायच्या आणि त्यांचं चित्र काढायचं, एवढंच. आदल्या संध्याकाळी निकाल लागला आणि पहिली आली माझी प्रज्ञा. हो, माझी. सातवीपासून मीच शिकवलंय तिला. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते.

पहिलं चित्र पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनाला जायचं होतं. टेम्पो दुपारी बाराला येणार होता.

हॉलमध्ये चित्रापुढे प्रज्ञाचे वडील भागुजी उभे होते. भागुजी वीज मंडळातले लाइनमन. वादळात खांबावर चढणारा हा माणूस, पण आज चित्राला हात लावायला धजत नव्हता. शेजारी प्रज्ञाची आई जानकाबाई होत्या. प्रज्ञा खिडकीपाशी पाठ करून उभी होती.

"बघा बाई," भागुजी म्हणाले. "पोरीनं पांढरं काढलं ते कुणाला तरी खुपलं. आमी कोण, कुठले, हे आमाला परत दाखवून दिलं. येवढंच ना?"

"भागुजी, जरा दम धरा."

"दमच धरला आजवर. टेम्पो यायच्या आत करणाऱ्याचं नाव कळलं पायजे. न्हाईतर चित्र पुण्याला जाणार न्हाई, आन् माझी पोरगी ह्या तालुक्यात पुन्हा ब्रश हातात धरणार न्हाई."

मी प्रज्ञाकडे पाहिलं. ती वळली नाही. म्हणजे वडिलांचं म्हणणं तिलाही मान्य होतं.

२

आधी ते चित्र कसं होतं ते सांगते, कारण सगळं त्यातच होतं.

पाटावर घडी घातलेली पांढरी साडी. तिच्याशेजारी पितळी कलश, त्यात पिंपळाची पानं. कलशाच्या गळ्यातून निघालेलं पांढरं सूत साडीवरून लोळत खाली आलेलं. मागे एक मेणबत्ती. झालं. ना फळ, ना फूल. पण पांढरा रंग असा लावलेला की मी स्वतः लावला नसता. अडाणी माणूस पांढऱ्याची सावली काळी करतो. माझ्या प्रज्ञानं ती निळी केली होती. साडीच्या घडीवर मात्र किंचित पिवळट छटा होती, आणि मेणबत्तीची वात पांढरीशुभ्र होती. ह्या दोन गोष्टी मी आदल्या दिवशीच पाहून ठेवल्या होत्या.

पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी बक्षीस देताना भाषण केलं होतं. "या पांढऱ्यात वैधव्याची शांतता आहे. विझलेल्या ज्योतीचं दुःख आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण मनात म्हटलं, अहो, विझलेल्या मेणबत्तीची वात काळी असते.

आता त्या चित्रावर तांबडं होतं. मी चष्मा पुसला आणि जवळ गेले.

फासलेलं बिसलेलं काही नव्हतं. कलशाच्या पोटावर खालून वर ओढलेल्या पाच रेघा होत्या, करंगळीएवढ्या जाडीच्या. आणि साडीच्या टोकाशी, अगदी कोपऱ्यात, एक ठिपका. बाकी चित्राला शिंतोडासुद्धा नाही. मी ठिपक्याला अलगद बोट लावलं. रंग बोटावर आला. अजून ओलाच होता, आणि तेलकट. त्यात काहीतरी चमकलं. नखाच्या टोकाएवढा सोनेरी कपटा.

"चकमक!" आदेश माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "बाई, असली चकमक संस्कृतीच्या डब्यात असते. मी सांगतो, ओपन ॲण्ड शट केस."

"तू आधी माझ्या उजेडातून बाजूला हो."

तेवढ्यात दारातून गडगडाट आला. "कोन हाय तो? त्याच्या आयला, दावा मला!" हे धर्माजी. वाचनालयाचे अध्यक्ष, हॉल ज्या जमिनीवर उभा आहे तिचे मूळ मालक, आणि भागुजींचे बांधाला बांध असलेले शेजारी. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. डोक्याला गुलाबी फेटा, आणि बैलगाडा शर्यतीत पहिल्या आलेल्या त्यांच्या बैलजोडीचा विषय जिभेवर कायम तयार. मला आदल्या दिवशी भाषणाआधी अंगणात धरून त्यांनी बैल दाखवलेच होते. भादवी पोळा नुकताच झालेला, शिंगं झळझळत होती. "बाजारचा आइल पेंट न्हाई बाई लावत मी. लोकं लावत्यात. बैलाचं शिंग हाय, दुकानाची पाटी न्हाई."

"आबा, शांत व्हा," मी म्हटलं. "चित्र खराब झालंय, पण..."

"खराब?" आबा थबकले. चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कुठं खराब झालंय?"

भागुजी ताडकन वळले. "आंधळा झालास का रं धर्मा? त्ये तांबडं दिसंना तुला?"

आबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग बैलांचा विषयही न काढता ते दाराशी जाऊन उभे राहिले. जन्मात पहिल्यांदाच असेल.

३

मी वाचनालयाच्या कपाटाआडच्या बाकावर एकेकाला बोलावलं. पहिली आली संस्कृती, दुसऱ्या नंबरवाली. तिनं आहुप्याहून आणलेल्या हिरड्यांनी भरलेली टोपली काढली होती. चांगली काढली होती, फक्त टोपलीचा काठ तेवढा वाकडा गेला होता. येतानाच पोरगी रडत होती.

"मी नाही केलं, बाई. माझी चकमक चंदेरी आहे, बघा हवं तर. आणि मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण प्रज्ञाचं चित्र बघून मी तिला म्हटलं, तुझं पांढरं मला शिकव. तिनं सांगितलं पण. हे सगळं ताईच्या लग्नाचं आहे म्हणाली."

"लग्नाचं?"

"हो. मला वाटलं गंमत करते. मग काही बोलले नाही."

"तू रंग कोणते वापरतेस?"

"ॲक्रिलिक. आम्ही सगळेच."

मी तिचे डोळे पुसून तिला पाठवलं. ॲक्रिलिक रात्रीत लावलं असतं तर सकाळी खडखडीत वाळलं असतं. माझ्या बोटावर लागलेलं तेलात कालवलेलं होतं.

आदेश आला तो मोबाईल हातात घेऊनच. तो वाचनालय मंडळाचा सेक्रेटरी, आणि सेक्रेटरी असल्याचं कुणी विसरू नये याची काळजी घेणारा.

"तू काल सगळ्यांदेखत म्हणालास, चित्र सुतकी आहे."

"म्हटलं. पुण्याचे सरच म्हणाले, वैधव्य! बाई, नवरात्रात घट बसलेत, पावणे यायचेत, आणि दारात हे. मी म्हटलं दुसरं कायतरी कलरफुल लावू. पण म्हणून मी हात लावीन? माझा व्हिडिओ पाच हजार लोकांनी बघितलाय त्या चित्राचा!"

"हे चित्र कशाचं आहे तुला माहीत आहे?"

"मयताचं. नाय का?"

खरं बोलत होता गडी. आदेशला खोटं बोलायला वेळ लागतो, आधी त्याला विचार करावा लागतो.

तिसऱ्या साळुबाई. हॉल झाडतात, किल्ली त्यांच्याच घराच्या चौकटीला खिळ्यावर असते, आणि ती तिथे असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाकावर न बसता त्या माझ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"माझ्यावर आळ घेताय व्हय बाई?"

"घेत नाही. तुमचा सल्ला घेते. त्या कलशावर काय काढलंय, साळुबाई?"

"काय म्हंजी? बोटं वढल्यात. कलशाला वढत्यात तशी पाच. आन् लुगड्याच्या कोपऱ्याला कुकू लावलंय. नवं लुगडं नेसायच्या आदी लावत्यात न्हाई का?"

"मग हे कुणी चिडून केलंय?"

"चिडून कोन कुकू लावंल!" साळुबाईंना माझीच कीव आली. मग त्यांनी कपाटाआडून मान काढून चित्राकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. "पन अर्दवट काम हाय. लावनारी कोन फुवड हाय म्हायती न्हाई."

"अर्धवट कसं?"

"हळद कुठं हाय? आदी हळद, मंग कुकू. तान्ह्या पोरीला बी ठावं असतंय."

मी बाकावरून उठलेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी चकमक शोधत बसले होते आणि नसलेली हळद मला दिसली नव्हती.

४

खिडकीपाशी प्रज्ञा अजून तशीच होती. अकरा वाजून गेले होते.

"काल सरांनी वैधव्य म्हटलं तेव्हा तू उठून का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सगळे टाळ्या वाजवत होते, बाई. मला वाटलं, पुण्याला गेल्यावर सांगेन." ती वळली. डोळे कोरडे होते. माझी विद्यार्थिनी आहे, रडण्यातली नाही. "आमच्यात लग्न पांढऱ्यात होतं. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या कपड्यात. कलशात पिंपळाची पानं, कारण बुद्धांना बोधी मिळाली ती पिंपळाखाली. ते सूत कलशातून काढून सगळ्यांच्या हातात देतात, मग भंतेजी परित्राण पाठ म्हणतात. मेणबत्ती विझलेली नाही. अजून पेटवलेलीच नाही. रुपालीताई पेटवणार आहे, दसऱ्यानंतरच्या रविवारी."

"आणि निळी सावली?"

तेव्हा पहिल्यांदा ती हसली. "ती तुम्ही शिकवलीत. पण निळा आमचाच आहे, बाई. म्हणून जरा जास्त घातला."

काय सांगू, मला त्या क्षणी सगळ्या हॉलला ओरडून सांगावंसं वाटलं की ऐका, ही बघा माझी पोरगी! लेण्याद्रीला मी हिला वर्गाबरोबर स्केचिंगला नेलं होतं. बाकीची पोरं गणपतीच्या रांगेत पळाली, आणि ही शेजारच्या लेण्यात स्तूपावर पडलेला उजेड काढत बसली होती. त्या दिवसापासून ही पांढऱ्याच्या मागे लागली आहे.

"काल हे लग्नाचं सामान आहे असं कुणाकुणाला सांगितलंस?"

"संस्कृतीला. आणि जाताना दारात आबांनी विचारलं, 'पोरी, कुनाचं सामान काढलंस?' म्हटलं, ताईच्या लग्नाचं. त्यांनी नुसता डोक्यावर हात ठेवला."

मी बोटावरचा तो सोनेरी कपटा पुन्हा उजेडात धरला. चकमक गोल असते, नाहीतर चौकोनी. हा फाटलेला होता, पातळ पत्र्याचा. आणि तसाच पत्रा मी कालच पाहिला होता, पुष्कळ मोठ्या तुकड्यात, गळ्यातल्या घुंगरांच्याही वर.

"सगळ्यांना चित्रापुढे बोलाव," मी आदेशला म्हटलं. "आणि तो मोबाईल खिशात घाल. आत्ता जे होईल ते पाच हजार लोकांसाठी नाही."

५

"हे काम रागाचं नाही," मी सुरुवात केली. "कुणी रागावून पाच बोटं मोजून ओढत नाही. हा कलश पुजलाय. ही साडी कुंकू लावून शुभ केली आहे. म्हणजे करणाऱ्याला एक पक्कं ठाऊक होतं, की हे लग्नाचं सामान आहे. आदेशला ते ठाऊक नव्हतं, तो मयताचंच समजत होता. संस्कृतीला ठाऊक होतं, पण तिच्याकडे तेलातला रंग नाही. साळुबाईंनी लावलं असतं तर आधी हळद लावली असती. कुठल्याही बाईनं लावली असती. हळदीवाचून कुंकू लावणारा हा पुरुषाचा हात आहे. त्यानं हे आयुष्यभर पाहिलंय, पण स्वतः कधी केलेलं नाही."

भागुजींनी भुवया आवळल्या.

"आता रंग. हे कुंकू नाहीच. हा हिंगूळ आहे, जवसाच्या तेलात खललेली तांबडी भुकटी. आणि त्यात अडकलेला हा कपटा म्हणजे बेगड, पातळ सोनेरी पत्रा. हिंगूळ आणि बेगड एकाच डब्यात कुठे सापडतात? पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात तिथे. आणि ह्या गावात अजून आइल पेंट न लावणारा एकच माणूस मला माहीत आहे. त्यानंच सांगितलंय." मी वळले. "आबा, शिंगं रंगवून उरलेला डबा कुठं आहे?"

आबांनी फेटा काढला आणि हातात धरला.

"गोठ्यात हाय," ते म्हणाले. "रातीच्या अंधारात कुकू कुठं मागाय जाऊ, बाई? बायकू इचारल, कशाला पायजे. हातात आला त्यो डबा घेतला."

"धर्मा?" भागुजींनी वळून पाहिलं. "तू?"

"भागू, त्यो पुण्याचा सायब बोल्ला, रांडावपण हाय ह्यात. इझलेली ज्योत हाय. आन् पोरगी म्हन्ती, रुपालीच्या लग्नाचं सामान! माझ्या काळजात धस्स झालं. माझ्या डोळ्यांदेखत वाढल्याली पोर ती. म्हनलं लेकरू हाय, चुकून अवलक्षनी काडलं. आता ते पुण्याला जायाचं, लोकांची नजर लागायची. म्हनून जरा शकुनाचं केलं." ते थांबले. "आन् सकाळी तू असा पेटल्याला. म्या कसं बोलू? लग्नाच्या घराबद्दल असलं वंगाळ तोंडातनं काडू नाय. करायला गेलो गनपती, झाला मारुती."

भागुजी त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. राग उतरला होता, पण त्याच्या जागी जे आलं ते बघणं मला रागापेक्षा जड गेलं.

"धर्मा, आपुन एका बाकावर शिकलो. माझ्या लग्नाला आलतास ना तू?"

"आलतो की. आहेर केला, लाडू खाल्लं."

"जानका कंच्या साडीत व्हती?"

आबांनी जानकाबाईंकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

"सांग ना. माझ्या थोरल्या भावाच्या लग्नात नवरी कंच्या साडीत व्हती? भनीच्या?"

"भागू, म्या..." आबांनी फेट्याची घडी चाचपली. "म्या पंगतीला येत व्हतो. मांडवात बसलो न्हाई कदी."

साळुबाईंनी पदर तोंडाला लावला. त्याही कधी बसल्या नसणार. आदेश जमिनीकडे पाहत होता.

मग जानकाबाई पुढे आल्या. चित्रातल्या साडीच्या घडीकडे, त्या पिवळट छटेकडे, त्यांनी बोट केलं.

"नवी न्हाई ही, धर्माभाऊ. ट्रंकेत ठेवून पिवळी पडलीय. ही माझ्या लग्नातली साडी हाय. हीच नेसून मी ह्या घरात आले. रुपाली बी हीच नेसनार." त्यांनी नवऱ्याच्या दंडावर थाप मारली. "आन् माझा धनी ह्यो हुबा हाय. ठणठणीत! रोज खांबावर चढतोय. ह्याला अवलक्षनी म्हन्ता?"

भागुजी हसले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होते. आबा मात्र खाली बसले, भिंतीला टेकून.

"आता काय करू, पोरी?" त्यांनी प्रज्ञाला विचारलं. "लई घान केली म्या. राहू दे म्हनशील, फाड म्हनशील..."

टेम्पोचा हॉर्न वाजला. प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं.

"तेल तेलानं निघतं," मी म्हटलं. "साळुबाई, खोबरेल आणा. आणि मऊ धोतराचं फडकं."

मला वाटलं प्रज्ञा म्हणेल, राहू दे तो एक ठिपका, आबांची आठवण. सिनेमात तसंच करतात. माझी विद्यार्थिनी सिनेमातली नाही. तिनं फडकं आबांच्या हातात दिलं.

"तुम्हीच पुसा, आबा. मी दाखवते तसं. घासायचं नाही, टिपायचं. तुमचा जीव कळला मला. पण माझं पांढरं मला पांढरंच पाहिजे."

शर्यतीत उधळलेला बैल एका हातानं आवरणारा तो माणूस, फडक्याचं टोक दोन बोटांत धरून टिपू लागला. एकेक बोट टिपून टिपून निघालं. शेवटचा कोपऱ्यातला ठिपका निघाल्यावर आबा मागे सरकले आणि डोळे बारीक करून बघत राहिले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "ह्यात निळं बी हाय की वं."

"आहे," मी म्हटलं. मान माझी अशी ताठ झाली होती की दुखायला लागली. "माझ्या पोरीनं घातलंय."

६

चित्र पुण्याला गेलं, आणि तिथं त्याच्याखाली पाटी लागली ती प्रज्ञानं स्वतः सांगितलेली: 'आईच्या साडीत ताईचं लग्न'. मी दोनदा जाऊन आले. तिथल्या रखवालदारालाही सांगून आले की हिला सातवीपासून मी शिकवलंय.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मांडवात गेले, तर पहिल्या रांगेत, मधोमध, धर्माजीआबा. गुलाबी फेटा नव्हता. डोक्याला पांढराशुभ्र फेटा, इस्तरीची घडी अजून मोडली नव्हती. त्यांच्या मागे अर्धी आळी बसली होती. साळुबाई होत्या, संस्कृती होती, आदेशनं मोबाईल खरंच खिशात ठेवला होता.

रुपाली त्या पिवळट पांढऱ्या साडीत आली आणि तिनं मेणबत्ती पेटवली. कलशातून निघालेलं सूत हातोहात पुढे आलं. भागुजींनी ते आणून आबांच्या हातात दिलं. आबांनी दोन्ही मुठींत धरलं, कासरा धरतात तसं, पण हलकं.

पाठ संपला. टाळ्या झाल्या. लोक उठले, आणि आदेशनं सवयीनं आबांना खूण केली. "आबा, चला. पंगत बसली."

आबांनी मानसुद्धा वळवली नाही. सूत अजून त्यांच्या हातात होतं.

"पंगत थांबंल," ते म्हणाले. "आजवर पंगतच बघितली. आता मला समदं बघू दे."